डेडलिफ्ट

जमिनीवर ठेवलेला बार (दोन्ही टोकांना वजनाच्या गोल चकत्या, म्हणजे प्लेट, लावलेला लोखंडी दांडा) पकडून कंबर व गुडघे पूर्ण सरळ होईपर्यंत उभे राहणे म्हणजे डेडलिफ्ट. पॉवरलिफ्टिंग या वजन उचलण्याच्या स्पर्धेत स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बसून उठणे) आणि बेंच प्रेस (बाकावर आडवे होऊन बार वर ढकलणे) यांनंतरचा हा तिसरा प्रकार. मुख्य काम नितंब, मांडीची मागची बाजू आणि कण्यालगतचे स्नायू करतात.

शिकताना आधी बारची उंची पाहावी. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 450 मिमी असतो, म्हणून बार जमिनीपासून 225 मिमीवर राहतो. नवशिक्याला पेलणाऱ्या 5 किंवा 10 किलोच्या लोखंडी प्लेट बऱ्याच लहान असतात. त्या लावल्या की बार घोट्याजवळ उतरतो आणि तिथवर पोहोचताना पाठीला बाक येतो. दोष मात्र शिकणाऱ्याच्या ताठ शरीराला दिला जातो, हे चूक आहे. दोन्हीकडच्या प्लेटखाली लाकडी ठोकळे ठेवून बार नडगीच्या मध्यापर्यंत आणावा. नुसता बारही 20 किलोचा असतो. सुरुवातीला तेवढे वजन पुरते.

पावलांत नितंबांइतके अंतर ठेवावे. बार पावलाच्या मध्यावर, नडगीपासून 2-3 सेंमी दूर असावा. वाकून बार धरावा, मग नडगी टेकेपर्यंत गुडघे वाकवावेत. बार जागचा हलवू नये. छाती वर काढून, पोटात श्वास भरून पोट घट्ट करावे. हात सरळ ठेवून, बार न उचलता आधी तो वर ओढून ताणून घ्यावा. ही पायरी गाळून हिसका दिला की पाठीचा ताठपणा सुटतो. नंतर पायांनी जमीन खाली रेटत उठावे. बार पायांना घासतच वर यायला हवा, कारण तो जितका पुढे जाईल तितका कंबरेवरचा भार वाढतो. नितंब आधीच वर उसळले, तर सुरुवातीला ते फार खाली होते किंवा वजन जास्त आहे. वर पोहोचल्यावर मागे रेलू नये. उतरवताना आधी नितंब मागे न्यावेत आणि बार गुडघ्याखाली गेल्यावरच गुडघे वाकवावेत.

एक तळवा पुढे, एक मागे अशा उलटसुलट पकडीत पुढे तळवा असलेल्या हाताचे कोपर वाकवू नये. दंडाचा स्नायुबंध तुटण्याचा धोका त्याच हाताला असतो.

आठवड्यातून एकदा-दोनदा, 5 रेपचे 3 सेट (सलग 5 वेळा उचलणे म्हणजे एक सेट, असे तीन), मध्ये 2-3 मिनिटे विश्रांती. शेवटच्या रेपलाही पाठ सरळ राहिली, तरच पुढच्या वेळी 2.5 ते 5 किलो वाढवावे. बाजूने व्हिडिओ काढला की हे नेमके दिसते. श्वास रोखल्याने रक्तदाब तात्पुरता बराच चढतो, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कंबरेतून पायात कळ उतरली किंवा मुंग्या आल्या, तर बार तिथेच खाली ठेवावा.