चिप्सचं रिकामं पाकीट कुणाचं?

चिप्सचं रिकामं पाकीट उभं कापा, पुसून घ्या आणि डोळ्यांसमोर धरून छपाई नसलेल्या जागेतून दिव्याकडे पाहा. बऱ्याचदा दिवा अंधूक दिसतो. आतला चंदेरी थर खऱ्या ॲल्युमिनियमचाच असतो, पण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. एवढासा थर ऑक्सिजन आणि दमटपणा अडवतो, म्हणून चिप्स कुरकुरीत राहतात, तेल खवट होत नाही. काम चोख आहे. पंचाईत होते ती पाकीट रिकामं झाल्यावर.

अशा बहुस्तरीय पाकिटांत अनेकदा बाहेरून पॉलिएस्टर आणि आतून पॉलिथीन असतं. पॉलिथीन ११०-१३० अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिएस्टरला २५० अंश लागतात. एकत्र वितळवले तरी ते एकजीव होत नाहीत आणि त्यातून घडलेली वस्तू ठिसूळ निघते. थर सोलणं परवडत नाही. म्हणून भंगारवाला पाण्याची बाटली किलोवर घेतो, पाकिटाला हात लावत नाही.

पाकीट कशाचं करायचं हे कंपनी ठरवते आणि ते उचलण्याचा खर्च मात्र नगरपालिका करते. हे उलटं गणित सुलटं करण्याची कल्पना स्वीडनचे अभ्यासक थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडली: वस्तू टाकाऊ झाल्यावरही तिची जबाबदारी उत्पादकाचीच. विल्हेवाटीचं बिल कंपनीकडे गेलं, की वस्तूचा आराखडा करतानाच तिच्या शेवटाचा विचार होईल. पुढच्याच वर्षी जर्मनीने वेष्टनांसाठी तसा कायदा केला.

आपल्याकडे हा मुद्दा पुण्याच्या कचरावेचक बायकांनी फार रोखठोक मांडला. ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने २०१३ मध्ये वापरलेले सॅनिटरी नॅपकिन पोत्यांत भरून थेट उत्पादकांकडे परत पाठवले. जी घाण रोज उघड्या हातांनी निवडावी लागते, ती बनवणाऱ्यालाही दिसू दे! मला हे या विषयावरचं सर्वांत स्पष्ट निवेदन वाटतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत नॅपकिनसोबत टाकण्यासाठी पिशवी देण्याची तरतूद आली.

प्लास्टिक वेष्टनांसाठी २०२२ मध्ये टक्केवारी ठरली. बहुस्तरीय आवरणांपैकी २०२४-२५ मध्ये किमान ३० टक्के, तर २०२७-२८ पासून ६० टक्के पुनर्चक्रीकरण व्हायला हवं. कंपनी हे स्वतः करू शकते किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडून प्रमाणपत्रं विकत घेऊ शकते. कच्चा दुवा इथेच आहे. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत बनावट प्रमाणपत्रं सापडली. म्हणजे कागदावर गोळा झालेलं प्लास्टिक प्रत्यक्षात गटारातच असू शकतं.

शिवाय प्रमाणपत्र विकत घेऊन भागत असेल, तर पाकीट बदलण्याचं कारणच उरत नाही. फ्रान्समध्ये पुनर्चक्रीकरणाला अडसर ठरणाऱ्या वेष्टनावर उत्पादकाला जास्त शुल्क पडतं. मला हाच मार्ग खरा वाटतो, कारण एकाच जातीच्या प्लास्टिकची पाकिटं बनवता येतात, बाजारात ती येऊही लागली आहेत. ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढतील तेव्हा वेचणाऱ्या बाईला त्यांचे चार पैसे मिळतील.