मुंबई : स्थलांतर आणि लोकसंख्यावाढीचा वाद

मुंबईत बाहेरून किती माणसे यावीत, आलेल्यांपैकी कोणाला इथले म्हणावे आणि वाढत्या गर्दीचा भार कोणी सोसावा, यांवर साठ वर्षांहून अधिक काळ चाललेला सार्वजनिक वाद. बोलीत आणि वृत्तपत्रांत तो ‘परप्रांतीयांचा प्रश्न’, ‘भूमिपुत्रांचा हक्क’, ‘लोंढे’ अशा शब्दांनी ओळखला जातो. हे स्थलांतर मुख्यतः देशातल्या देशात होते. राज्यघटनेच्या कलम १९ नुसार भारतीय नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क आहे, म्हणून परकीयांना लावतात तसा प्रवेश-परवाना इथे लावता येत नाही. शहरात येणाऱ्यांना परवाना लावा, ही मागणी अनेकदा झाली आणि दर वेळी या कलमाशी येऊन थांबली. त्यामुळे वाद नोकरी, घर, रिक्षा-टॅक्सीचे परवाने आणि भाषा या वाटांनी वाहत राहिला.

शहर कोणी भरले

मुंबईची लोकसंख्या पहिल्यापासून आलेल्यांचीच आहे. कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू आणि ईस्ट इंडियन ही जुनी वस्ती. बाकी शहर गोदी, गिरण्या आणि रेल्वेने माणसे ओढून उभे केले. १८६४ च्या शिरगणतीत शहरात ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाचा हा आकडा. ती तेजी १८६५ मध्ये कोसळली आणि १८७२ च्या जनगणनेत ६,४४,४०५ माणसेच उरली. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गावी पळाले, आणि १९०१ चा आकडा १८९१ पेक्षा कमी भरला. कामाबरोबर माणूस येतो आणि काम किंवा जीव धोक्यात आला की परततो, हे या शहराने तेव्हाच दोनदा पाहिले होते.

या येणाऱ्यांत सर्वांत मोठा गट कोकणातला, विशेषतः जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातला होता. त्यांच्यापाठोपाठ सातारा, पुणे, अहमदनगर या घाटावरच्या जिल्ह्यांतली माणसे आली. बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायचे आणि गाववाल्यांचा पत्ता विचारत लालबाग-परळ गाठायचे, हा कोकणी चाकरमान्याचा ठरलेला मार्ग. एका गावच्या किंवा वाडीच्या माणसांनी मिळून दहा बाय बाराची एक खोली धरायची. तिला गाळा म्हणत. भिंतीला ओळीने ट्रंका, दोरीवर कपडे, आणि रात्रपाळीचा गडी उठून गेला की त्याच जागेवर दिवसपाळीचा अंथरूण पसरायचा. जेवण खाणावळवालीकडे. बहुधा ती गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा असायची, आणि वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक एका चुलीवर रांधायची. महिनाअखेरीस गावी मनीऑर्डर जायची. गोव्याच्या खलाशांचे आणि आचाऱ्यांचे गावोगावचे ‘कूड’ धोबीतलावच्या आसपास याच रीतीने चालत. पुढे ज्यांना ‘उपरे’ म्हटले गेले, त्यांच्या खोल्याही अशाच होत्या: एका गावाचे नाव लागलेली खोली, माणशी भाडे आणि गावी जाणारे पैसे. या वादात हे साम्य फार थोड्यांनी उच्चारले आहे. ते आधी सांगायला हवे.

पाठवणाऱ्या गावांवर त्याची खूण अजून दिसते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. मुंबईच्या गर्दीची चर्चा करताना कुलुपे लागलेल्या या घरांचा आकडा क्वचितच कोणी सोबत ठेवतो.

आकडे काय सांगतात

बृहन्मुंबईची लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे २९.९ लाख होती. १९६१ मध्ये ती ४१.५ लाख, १९७१ मध्ये ५९.७ लाख आणि १९८१ मध्ये ८२.४ लाख झाली. म्हणजे तीन दशके ओळीने शहर दर दहा वर्षांनी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढत होते. वादाचा जन्म याच काळातला आहे, आणि तेव्हाची भीती हवेतली नव्हती: पाणी, लोकल, शाळेतला प्रवेश, सगळीकडे रांग वाढत होती.

त्यानंतर चित्र पालटले. १९९१ मध्ये ९९.३ लाख, २००१ मध्ये १,१९,७८,४५० आणि २०११ मध्ये १,२४,४२,३७३. शेवटच्या दशकातली वाढ चार टक्क्यांच्याही आत आहे. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या बेटाची, लोकसंख्या तर साडेसात टक्क्यांनी घटली. एवढ्या मोठ्या शहरात निव्वळ जन्म आणि मृत्यू यांच्या फरकानेही याहून जास्त वाढ होते. याचा सरळ अर्थ असा की त्या दहा वर्षांत महापालिकेच्या हद्दीतून बाहेर गेलेली माणसे आत आलेल्यांपेक्षा जास्त होती. ती गेली ठाणे जिल्ह्यात, जो त्याच काळात ३६ टक्क्यांनी वाढला. शहरात जन्म न झालेल्यांचे प्रमाणही उतरले आहे: १९६१ मध्ये दर तिघांत साधारण दोघे बाहेर जन्मलेले होते, २००१ मध्ये दर पाचांत दोघांहून थोडे अधिक.

मग लोंढे वाढल्याची जाणीव खोटी का? नाही. आलेल्यांची घडण बदलली आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा वाटा कमी झाला आणि उत्तर प्रदेश, बिहारचा वाढला. मातृभाषेच्या नोंदीत २००१ ते २०११ या काळात हिंदी सांगणारे सुमारे २५.९ लाखांवरून ३६ लाखांपर्यंत गेले, तर मराठी सांगणारे ४५.२ लाखांवरून ४४ लाखांवर आले. कानावर पडणारी भाषा बदलली की माणसाला गर्दी वाढल्यासारखी वाटते. ही खंत खरी आहे, पण तिचे नाव लोकसंख्यावाढ नव्हे. हे दोन प्रश्न एकात मिसळल्याने दोन्ही बिघडले.

‘मार्मिक’ आणि नंतर

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या रक्ताने मिळालेल्या राजधानीत कचेऱ्यांतल्या खुर्च्या मात्र इतरांकडे, ही बोच नव्या मध्यमवर्गात होती. बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने मोठ्या कंपन्यांतल्या आणि सरकारी खात्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापल्या. बहुतेक नावे दाक्षिणात्य. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. ‘हटाव लुंगी’च्या घोषणा झाल्या, उडप्यांची हॉटेले फुटली, टंकलेखक आणि कारकून म्हणून पोट भरणाऱ्या माणसांनी मार खाल्ला. याच चळवळीतून पुढे स्थानीय लोकाधिकार समित्या निघाल्या. बँका, विमा आणि विमान कंपन्यांत मराठी मुलांचे अर्ज भरून घेणे, परीक्षेची तयारी करून घेणे हे त्यांचे काम चिकाटीचे होते आणि त्यातून हजारो घरांत पगार सुरू झाला. राज्य सरकारनेही १९६० च्या दशकाअखेरीपासून उद्योगांत ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असे धोरण घेतले. त्यासाठी पंधरा वर्षांच्या अधिवासाचा दाखला ही ‘स्थानिक’ असण्याची कसोटी रूढ झाली. सरकारी नोकरीत मात्र घटनेच्या कलम १६ ने जन्मस्थान आणि निवास यांवरून भेद करायला मनाई केली आहे. निवासाची अट घालायची तर संसदेनेच कायदा करावा लागतो.

मार्च २००६ मध्ये राज ठाकरे यांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेना काढली, तोवर रोख उत्तर भारतीयांकडे वळला होता. २००८ च्या फेब्रुवारीत टॅक्सीवाले, फेरीवाले यांना मारहाण झाली आणि ऑक्टोबरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उमेदवारांना. भरतीच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत येत नाहीत ही त्यामागची तक्रार दखल घेण्याजोगी होती. परीक्षेला आलेल्या पोराला बदडणे हे तिचे उत्तर नव्हते. २०१० मध्ये नव्या टॅक्सी परवान्यासाठी मराठी लिहिता-वाचता येण्याची अट राज्य सरकारने जाहीर केली आणि दिल्लीपर्यंत गदारोळ होताच ती सैल केली.

सीमेपलीकडून, मुख्यतः बांगलादेशातून, कागदपत्रांशिवाय आलेल्यांचा प्रश्न कायद्याने निराळा आहे. तो परकीय नागरिकांच्या कायद्याखाली येतो. मात्र पश्चिम बंगालच्या बंगाली भाषक मजुरालाही त्याच संशयाखाली धरले जाते, आणि आपण भारतीय असल्याचा पुरावा देण्याचे ओझे त्याच्यावर पडते.

पदपथावरची दोन माणसे

या वादाचा सर्वांत बोलका दस्तऐवज न्यायालयात तयार झाला. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावर राहणाऱ्यांना उठवून आपापल्या गावी परत पाठवण्याची घोषणा केली. भर पावसात झोपड्या पाडल्या गेल्या आणि माणसे बसमध्ये भरली गेली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत दोन पदपथवासी होते. एक तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळात काम गेले म्हणून तो १९६१ मध्ये मुंबईत आला होता. दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात त्याला २३ रुपये रोज मिळे, आणि पश्चिम द्रुतगती मार्गाच्या पदपथावर प्लास्टिक-कॅनव्हासच्या आडोशासाठी झोपडपट्टीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले होते. दुसरा अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा चर्मकार, १९६९ मध्ये आलेला. गावचे घर पडले, दिवसाला सात-आठ रुपयांत भागेना. मुंबईत तो महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळवायला त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लास्टिकला ७०० लागले.

सेलमच्या माणसाला बायको आणि तीन मुलींसह २३ जुलै १९८१ रोजी सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. बायको-मुली तिकडे राहिल्या. तो कामासाठी परतला आणि पुन्हा पदपथावर आला. संगमनेरच्या माणसाची झोपडी त्याआधीच, जानेवारी १९८० मध्ये पाडली गेली होती. त्याने ती पुन्हा बांधली. एक परप्रांतीय, दुसरा भूमिपुत्र. दोघांची जागा तीच, दोघांकडून वसुली करणारा दादा सारखाच आणि पाडणारी महापालिकाही एकच.

सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. पदपथावर राहण्याचा हक्क कोणालाही नाही, पण जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे त्यात म्हटले आहे. आणि पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, झोपड्या हलवू नयेत असा आदेश दिला. झोपडी हटवणे पालिकेच्या अधिकारात राहिले.

कोणत्या तारखेपर्यंतचे ‘आपले’

परवाना लावता येत नाही म्हटल्यावर राज्यकर्त्यांनी तारीख लावली: तिच्या आधीच्या झोपडीला संरक्षण, नंतरच्या झोपडीला नाही. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत झोपडीवासीयांना फोटोपास, म्हणजे छायाचित्राची ओळखपत्रे, मिळाले, ते संरक्षणाचे पहिले कागद ठरले. पुढे हीच मर्यादा १९८५, १ जानेवारी १९९५, १ जानेवारी २००० अशी सरकत गेली. १९९५ मध्ये चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचे आश्वासन शिवसेना-भाजप युतीनेच दिले होते. निवडणुकीत मोजली जाणारी माणसे बाहेर घालवता येत नाहीत, हे सर्व पक्षांना ठाऊक आहे. २०११ मध्ये शहरातली चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत होती, आणि तिच्यात मराठी घरेही लाखोंनी होती.

गर्दी पांगवण्याचा खटाटोपही झाला. ठाणे खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली, धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही विकेंद्रीकरणाची शिफारस केली, आणि १९७० मध्ये त्या शहरासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. नवी मुंबई झाली. मंत्रालय आणि मोठा धंदा मात्र दक्षिण टोकालाच राहिला. सकाळच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी राहतात, याचे मोठे कारण घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला हे आहे. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याला त्या रेट्यात शेजारचा माणूस कुठल्या जिल्ह्याचा, हे कळतही नाही.

गिरणगाव

मराठी माणूस मुंबईतून हद्दपार झाला, हे वाक्य या वादात सर्वांत जास्त वेळा ऐकू येते. तो गेला हे खरे आहे. कोणामुळे गेला, हे गिरणगावात पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि सुमारे सहाशे एकर जमीन बाजारात आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा एक भाग महापालिकेला उद्यानांसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली. शेड पाडून मिळणारी जागा तिच्यातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

चिमण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. चाळीतली खोली विकून कामगाराचे कुटुंब डोंबिवली, बदलापूर, विरार किंवा थेट गावी गेले. म्हाडाने कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये काढली. अर्ज करणारे दीड लाखांहून अधिक आणि घरे त्यांच्या मानाने मूठभर. अर्जदारांतले अनेक सोडतीची वाट पाहत वारले आणि वारसाची कागदपत्रे जोडत त्यांची मुले आता हेलपाटे घालतात. परळच्या खोलीवर कुठल्याही भय्याने ताबा घेतला नव्हता. ती जमिनीच्या भावाने गेली. एवढा मोठा अन्याय डोळ्यांदेखत होत असताना बोट भेळवाल्याकडे आणि टॅक्सीवाल्याकडे दाखवले गेले.

टाळेबंदी आणि पुढची गणना

मार्च २०२० च्या टाळेबंदीत वाद उलटा झाला. काम थांबले, खोलीचे भाडे थांबले नाही. माणसे पायी निघाली, आणि १ मे पासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या. काही महिन्यांत बांधकामे अडली आणि मजुरांना परत आणण्यासाठी ठेकेदार तिकिटांचे पैसे देऊ लागले. कोकणातही त्या उन्हाळ्यात चाकरमान्यांना वेशीवर अडवले गेले. मुंबईहून आला म्हणून चौदा दिवस शाळेत राहा, असे स्वतःच्याच गावाने सांगितले.

२०२१ ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख जाहीर झाली आहे. राज्याचा प्रजननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १.७ वर आला आहे. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला लागणारी बदली पातळी २.१ मानतात. म्हणजे यापुढे महाराष्ट्रातल्या शहरांना लागणारे हात अधिकाधिक बाहेरूनच येणार. तोवर मोर्च्यांत आणि दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत फेकले जाणारे बहुतेक आकडे २०११ चे आहेत.