आरोग्य साक्षरता आणि ऑनलाइन आरोग्य पोर्टल : ठाणे–नवी मुंबई परिसर

आरोग्यविषयक माहिती मिळवणे, ती समजून घेणे, तिची पारख करणे आणि तिच्या आधारे स्वतःच्या किंवा घरातल्यांच्या उपचारांचा निर्णय घेणे, या क्षमतेला आरोग्य साक्षरता म्हणतात. अमेरिकेतील स्कॉट सायमंड्स यांनी १९७४ मध्ये आरोग्य शिक्षणाच्या संदर्भात ही संज्ञा वापरली. डॉन नटबीम यांनी २००० मध्ये तिचे तीन स्तर मांडले. औषधाच्या पाकिटावरची सूचना वाचता येणे हा पहिला स्तर. डॉक्टरांना प्रश्न विचारून उत्तर आपल्या परिस्थितीला लावून पाहणे हा दुसरा. सांगितलेले खरे कशावरून आणि त्यात फायदा कोणाचा, हे तपासणे हा तिसरा. नॉर्मन आणि स्किनर यांनी २००६ मध्ये इंटरनेटवरील आरोग्य माहिती हाताळण्याची क्षमता मोजण्यासाठी आठ विधानांची मोजपट्टी तयार केली. मात्र तिच्यात माणूस स्वतःलाच गुण देतो. त्यामुळे मोजला जातो तो बराचसा आत्मविश्वास.

घोडबंदर रोडच्या गृहसंकुलांतून फोनवर अपॉइंटमेंट घेणारे, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभे राहणारे, कोपरखैरण्यात राहून वाशीच्या बाजार समितीत जाणारे माथाडी कामगार, शहापूर-मुरबाडकडून ठाण्याच्या सिव्हिलला येणारी आदिवासी कुटुंबे, असे नाना तऱ्हेचे रुग्ण या परिसरात आहेत. आरोग्य पोर्टल, म्हणजे वेळ घेण्याची, नोंदी आणि रिपोर्ट पाहण्याची वेबसाइट किंवा ॲप, बहुधा त्यांच्यातल्या पहिल्याच माणसाला नजरेसमोर ठेवून बनवलेले असते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातून मिळणारा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. त्याला वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदी जोडता येतात. मूळ नोंद त्या-त्या रुग्णालयाकडेच राहते आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसते. क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचे टोकन घेण्याची सोयही याच व्यवस्थेतली. गैरसमज सुरू होतो तो नावापासून. वर्षाला प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण देणारे आयुष्मान कार्ड वेगळे आणि आभा कार्ड वेगळे. तरीही आभा काढले म्हणजे ऑपरेशन फुकट होईल, अशा समजुतीने कागद घेऊन खिडकीवर येणारे असतात. दोन्हींच्या नावामागे एकच ‘आयुष्मान भारत’ लावल्यावर दोष रुग्णाच्या अज्ञानाला देता येणार नाही.

खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र ज्या टाटा स्मारक केंद्राचा भाग आहे, तिथल्या रुग्णांना आपले रिपोर्ट ऑनलाइन पाहता येतात. मोठ्या खासगी रुग्णालयांची स्वतःची ॲप आहेत. गल्लीतल्या लॅबचे पोर्टल म्हणजे व्हॉट्सॲप. सकाळी रक्त द्यावे, संध्याकाळी पीडीएफ येते.

खरी अडचण ही पीडीएफ उघडल्यावर सुरू होते. रिपोर्टात आकड्यासमोर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेक तपासण्यांत निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे शंभर निरोगी माणसांतली पाच त्या मर्यादेबाहेर जाणार, हे गृहीतच आहे. वीस तपासण्यांचे पॅकेज घेतले आणि त्या तपासण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर धडधाकट माणसाच्या रिपोर्टातही निदान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. सवलतीत ‘फुल बॉडी चेकअप’ विकणारी जाहिरात हे गणित सांगत नाही. उलट बाजूही आहे. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी, ५.७ ते ६.४ टक्के असेल तर मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह, असा निकष आहे. पण आधीच मधुमेहावर उपचार घेणाऱ्या अनेक प्रौढांसाठी सातच्या खाली राहणे हेच उद्दिष्ट असते. त्यामुळे ६.८ आलेल्या आजोबांना डॉक्टर शाबासकी देतात आणि पीडीएफमध्ये तोच आकडा लाल दिसतो. घरचे घाबरून त्यांचा भात बंद करतात. ५.९ आलेली दुसरी व्यक्ती मात्र ‘सहाच्या आत आहे की’ म्हणून फाईल कपाटात ठेवून देते.

रिपोर्ट हाती येणे आणि डॉक्टरांची भेट होणे यांत काही तास किंवा काही दिवस जातात. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून रुग्णाला निकाल विनाविलंब दाखवणे जवळपास बंधनकारक झाले. तिथेही बायोप्सीचा निकाल डॉक्टरांआधी रुग्णाने वाचावा का, यावर वाद आहे. आपल्याकडे असा वाद फारसा होत नाही, कारण लॅबने थेट रुग्णाच्या हाती रिपोर्ट देणे ही जुनीच रीत आहे. मधला वेळ पूर्वी शेजारच्या कंपाउंडरच्या सल्ल्याने भरून निघायचा, आता गूगल आणि चॅटबॉट यांनी निघतो.

शिवाय पोर्टल एक माणूस, एक फोन असे धरून चालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. आजीच्या आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि तो कंपनीत फोन बाहेर ठेवून शिफ्टला गेलेला. मग खिडकीवर ओटीपी कोण सांगणार? सून किंवा नात रिपोर्ट वाचून दाखवते तेव्हा घराची साक्षरता आजीच्या कामी येते. पण हीच सोय उलटतेही. गर्भधारणेची, एचआयव्हीची किंवा मानसोपचाराची नोंद नवऱ्याच्या फोनवर आधी उघडते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ आणि त्याच वर्षीचा एचआयव्ही कायदा गोपनीयतेचा हक्क देतात. घरात फिरणाऱ्या फोनपाशी मात्र कोणी पहारा देत नाही.

कोविड काळात याची मोठी परीक्षा झाली. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला लसीसाठी सुरुवातीला कोविन या सरकारी लसनोंदणी पोर्टलवर वेळ घेणे सक्तीचे होते, आणि पोर्टलला मराठीसह प्रादेशिक भाषा मिळाल्या त्या जूनमध्ये. ग्रामीण केंद्रांवरील वेळा शहरातले लोक बुक करतात, अशा तक्रारी ठाणे-पालघर पट्ट्यातही झाल्या. पुढे थेट केंद्रावर नोंदणी सुरू झाली आणि गर्दीचा रंग बदलला.

याच्या तुलनेत क्षयरोगाचे निक्षय पोर्टल पाहावे. रुग्णाला ते उघडावेही लागत नाही. नोंद कर्मचारी करतात आणि पोषणासाठीचे पैसे थेट बँक खात्यात येतात. ही रक्कम महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो, तो कागदपत्रे पाहून ऑनलाइन अर्ज पुढे पाठवतो. वस्तीत आशाताई हेच काम तोंडी करतात. ज्या पोर्टलमागे असा पगारी किंवा मानधनावरचा माणूस आहे ते रुग्णापर्यंत पोहोचते. ज्यामागे नाही, ते आपल्याला हवे तेवढेच रुग्ण निवडून घेते. आशाताईंच्या मानधनाचा प्रश्न म्हणून डिजिटल आरोग्याचाही प्रश्न ठरतो, जरी तो त्या खात्यात मांडला जात नाही.

डॉक्टरांच्या बाजूने सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सांगितलेले रुग्णाकडून परत वदवून घेणे. ‘कळलं ना?’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण मान डोलावतात. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, ते सांगा बघू’ म्हटले की चूक लगेच उघडी पडते. आणि पोर्टल नसले तरी कागदावर हक्क आहेच : वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात. त्यासाठी साधा लेखी अर्ज करून त्याची पोच घेऊन ठेवावी.