चार्जिंगचे शेवटचे दोन तास

विजेवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टची बॅटरी केवळ वीज साठवत नाही. काट्यांवर माल चढल्यावर गाडी तोंडघशी पडू नये म्हणून मागे जे वजन लागते, त्यातही तिचा मोठा वाटा असतो. त्यामुळे शिशाच्या ज्या जडपणाला मोटारी बनवणारे वैतागले, तोच येथे उपयोगी पडतो आणि 1859 साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेली लेड-ॲसिड, म्हणजे शिसे आणि आम्ल यांची, बॅटरी भिवंडी-चाकणच्या गोदामांत अजून तग धरून आहे.

अशा 48 व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे 24 सेल असतात. पाळी संपल्यावर चार्जर लावला की सुरुवातीचे काही तास जवळजवळ सगळी वीज प्लेटांवर जमलेल्या लेड सल्फेटचे मूळ रूपांत परिवर्तन करण्यात खर्ची पडते. बॅटरी सुमारे 80 टक्के भरली आणि प्रत्येक सेलचा दाब 2.4 व्होल्टच्या आसपास पोहोचला, की मात्र विजेला पुरेसे काम उरत नाही आणि ती आम्लातल्या पाण्याचेच हायड्रोजन व ऑक्सिजन असे तुकडे करू लागते. व्हेंट प्लगाच्या, म्हणजे सेलवरच्या सच्छिद्र झाकणाच्या, छिद्राशी कान नेल्यास, आणि तो नेऊ नयेच, बारीक खदखद ऐकू येईल.

हा वायू किती असतो? 500 अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत शेवटच्या टप्प्यात 25 अँपिअर प्रवाह वाहत असेल आणि तो सगळा पाणी फोडण्यात जात असेल, तर 24 सेलांमधून तासाला सुमारे 250 लीटर हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे एवढ्या वायूने सव्वासहा घनमीटर हवा, एखाद्या लहानशा कोठीएवढी, ज्वालाग्राही होते. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका असल्यामुळे तो छताखाली साचतो. तेव्हा जमिनीलगतची जाळी कितीही मोठी असली, तरी बाहेर जाणारी वाट वरच हवी. त्याला पेटवण्यासाठी बोटाला जाणवणारही नाही इतकी क्षीण ठिणगी पुरते.

ती ठिणगी बहुधा माणूसच पुरवतो. सकाळच्या पाळीचा चालक घाईत येतो आणि चार्जर चालू असतानाच प्लग ओढतो; वाहता प्रवाह तुटताना टोकांमध्ये निळी ज्वाला उमटते, तीही नेमकी वायू भरात असताना. आधी चार्जर बंद, मग प्लग, हा क्रम कागदावर क्षुल्लक वाटतो. माझ्या मते भिंतीवरच्या इतर सर्व सूचनांपेक्षा तो मोठ्या अक्षरांत लिहायला हवा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीवरचे झाकण उघडे ठेवायचे, तेही वायू कोंडू नये म्हणूनच. उघड्या टर्मिनलांवर पाना पडला तर हजारो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो. म्हणून पान्याची मूठ इन्सुलेटेड हवी आणि हातातली अंगठी, कडे, घड्याळ आधी उतरवावे.

पाण्याबाबत हमखास चूक होते. पातळी कमी दिसली की चार्जिंगआधीच सेल काठोकाठ भरले जातात; पुढे बुडबुड्यांनी द्रव फुगतो आणि आम्ल वरून ओघळते. आधी केवळ प्लेटा बुडतील इतकेच घालावे, उरलेले चार्जिंग संपल्यावर, आणि तेही डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्यातले क्लोराइड आणि लोह प्लेटांना मारक ठरतात. आम्ल डोळ्यांत उडाल्यास निदान 15 मिनिटे पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरकडे न्यावे.

लिथियम बॅटऱ्यांमध्ये नेहमीच्या चार्जिंगच्या वेळी असा वायू निघत नाही, परंतु त्यांना लेड-ॲसिडचा जुना चार्जर लावणे धोक्याचे असते. शीतगृहात आणखी एक अडचण येते: सेल शून्य अंशाखाली गारठलेला असताना चार्ज केला, तर लिथियम आत शिरण्याऐवजी ऋणाग्रावर धातूच्या थराच्या रूपात साचतो आणि पुढे आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. म्हणून बॅटरीत तापवणारी यंत्रणा नसेल, तर उणे 20 अंशांच्या खोलीत राबणारी फोर्कलिफ्ट बाहेर आणून, सेल पुरेसे गरम होऊ देऊन मगच चार्जरला जोडतात.