कोंबडीच्या आतड्यातला चिकटा

‘ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, म्हणून तो सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जातो’ हा संदेश फिरत फिरत पुन्हा माझ्यापर्यंत आला. वाढीचं हार्मोन हे प्रथिन. खाद्यातून दिलं तर इतर प्रथिनांसारखंच पचून जाईल. आणि हजारो पक्ष्यांना पुन्हापुन्हा सुई टोचत बसणं कुणाला परवडेल? वाढीचा हा वेग पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आणि खाद्यातून आला आहे. त्या खाद्यात साधारण निम्म्याहून जास्त धान्यच असतं.

मका बिचारा निमूट पचतो. खरी गंमत गहू, राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) आणि जव यांची. त्यांच्या पेशीभित्तिकांत शर्करांच्या लांबलचक साखळ्या असतात: गहू आणि रायमध्ये मुख्यतः अराबिनोझायलन, जवात बीटा-ग्लुकान. त्या तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कोंबडीच्या शरीरात तयारच होत नाहीत. साखळ्यांचा विरघळणारा भाग एकमेकांत गुंततो आणि आतड्यातला रस डिंकाच्या पाण्यासारखा घट्ट होतो. मग विकरं अन्नकणांपर्यंत रखडत पोचतात, आणि सुटे झालेले पोषक घटक आतड्याच्या भिंतीपर्यंत. सर्वांत मोठा फटका मेदाला बसतो. रस सावकाश सरकल्यामुळे लहान आतड्यात जिवाणू माजतात आणि मेद पचवायला लागणारे पित्तक्षार मोडून टाकतात. पिल्लांकडे पित्तक्षार मुळातच कमी, त्यामुळे हाल त्यांचे. मोठा पक्षी बराच तग धरतो. विष्ठा चिकट होते, खालचं लिटर, म्हणजे भुश्याचं अंथरूण, ओलं राहतं, तळपायांना जखमा होतात.

यावरचा उपाय मला फार आवडतो. द्रवाचा घट्टपणा साखळ्यांच्या लांबीवर अवलंबून असतो. झायलनेज किंवा बीटा-ग्लुकानेज, म्हणजे याच साखळ्या तोडणारं विकर, खाद्यात मिसळलं की ते साखळी टोकापासून कुरतडत बसत नाही, मधेच छेद देतं. साखळीची पार साखर करायची गरजच नाही. मोजक्या छेदांत तिची लांबी कितीतरी घटते आणि रस पातळ होतो. शिवाय पेशीभित्तिका फुटल्याने आत अडकलेला स्टार्च आणि प्रथिनं मोकळी होतात. मात्र मक्याच्या खाद्यात हा चिकटा मुळातच नगण्य. तिथेही तेवढाच चमत्कार घडवू म्हणणाऱ्या पावडरींच्या जाहिराती वाचताना एक भुवई वर ठेवावी.

धान्य किती बारीक दळलं यालाही महत्त्व आहे. पीठच मिळालं तर पेषणीला, म्हणजे अन्न भरडणाऱ्या स्नायुमय जठराला, काम उरत नाही, ती लहान राहते. जाडा भरडा किंवा थोडा अख्खा गहू दिला तर तिचे स्नायू भरतात, अन्न तिथे आम्लात जास्त वेळ घुसळलं जातं आणि मगच पुढे सरकतं.