धिटाई आणि उद्धटपणाचे इंग्रजी शब्द

धाडसी किंवा मर्यादा सोडून केलेल्या वागण्याला इंग्रजीत जी नावे आहेत त्यांचा समूह. बोल्डनेस, ऑडॅसिटी, टेमेरिटी, नर्व्ह, चीक, गॉल, इम्प्युडन्स, इन्सोलन्स, एफ्रंटरी, हुत्स्पा हे त्यांतले नेहमीचे. छटा बहुधा कृतीवरून ठरत नाही; कोण कोणाला बोलला यावरून ठरते. आजीला नातवाने उलट उत्तर दिले तर ती चीक, त्यात थोडे कौतुकही असते. तेच उत्तर कारकुनाने तहसीलदाराला दिले की इन्सोलन्स. टेमेरिटीत उद्धटपणापेक्षा अविचार जास्त.

यातले बरेच शब्द शरीरातून निघालेले आहेत. चीक म्हणजे गाल, नर्व्ह म्हणजे मज्जातंतू, गॉल म्हणजे पित्त. एफ्रंटरीच्या मुळाशी लॅटिनमधले कपाळ आहे. मराठीतही मुजोर म्हणजे तोंडाचा जोर आणि शिरजोर म्हणजे डोक्याचा. यातला 'जोर' फारसी. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे गुस्ताखी, मगरूर, बेमुर्वत हे शब्द इथल्या शिकलेल्यांच्या ओळखीचे. गुस्ताखी तर इन्सोलन्सला 'उद्धटपणा'पेक्षाही जवळची वाटते, कारण तिच्यात दरबाराचा वास आहे.

हुत्स्पा हा शब्द मूळ हिब्रू, यिद्दिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेमार्गे अमेरिकेत आला. तो समजावताना एक जुना विनोद सांगतात: आईबापांचा खून करणारा मुलगा न्यायाधीशापुढे हात जोडतो, 'मी अनाथ आहे, दया करा.' बीड-परभणीकडच्या माणसाला एवढी गोष्ट लागत नाही. 'चोर तो चोर, वर शिरजोर' म्हटले की झाले. मात्र अमेरिकी इंग्रजीत हुत्स्पाला कौतुकाचीही छटा चढली आहे, ती या म्हणीला नाही.

मराठीत उद्धटपणासाठी वेगळा शब्द वापरावाच लागतो असे नाही. वडीलधाऱ्याला 'तू' म्हटले की पुरते. आजच्या इंग्रजीत 'यू' सगळ्यांनाच, म्हणून तिथे सारा भार शब्दांवर आणि सुरावर पडतो. पूर्वी तसे नव्हते. 'दाऊ' हे एकेरी सर्वनाम तिथेही होते. १६०३ मध्ये इंग्लंडात वॉल्टर रॅले या दरबारी सरदारावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक याने त्याला मुद्दाम एकेरीत संबोधून अपमान केला. पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी माणसे समान मानून मोठ्यांनाही 'दाऊ' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तो उर्मटपणा ठरून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. गंगाखेडची जनाबाई मात्र विठ्ठलाला एकेरीत हाक मारते, 'विठ्या' म्हणून शिव्याही घालते. वारकऱ्यांनी त्यात इम्प्युडन्स कधी पाहिला नाही, सलगी पाहिली.

'अपिटी' हा अमेरिकी शब्द वेगळ्या जातीचा. दक्षिणेकडच्या गोऱ्यांनी तो 'आपली पायरी सोडणाऱ्या' कृष्णवर्णीयांसाठी वापरला. त्याला मराठी जोड शोधायला लांब जावे लागत नाही: 'माजलेत'. गावात दलित ताठ मानेने चालू लागला की हा शब्द ऐकू येतो. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. अशा शब्दांतून ज्याला लावला त्याच्यापेक्षा लावणाऱ्याचीच ओळख जास्त पटते.

मराठवाड्याच्या बोलीत प्रत्यक्ष रुळलेले असे इंग्रजी शब्द दोनच, डेअरिंग आणि ॲटिट्यूड. डेअरिंगला इथे दोषाची छटा जवळजवळ नाहीच: 'डेअरिंग लागती बाबा त्याला.' त्याला फारसी प्रत्यय लावून 'डेअरिंगबाज'ही झाला. ॲटिट्यूड इंग्रजीत आधी चित्रा-शिल्पातल्या देहाची ठेवण होती, मग मनाची भूमिका, आणि अमेरिकी बोलीत चढेलपणा. मराठवाड्यात तो थेट या शेवटच्या अर्थानेच आला. 'लई ॲटिट्यूड हाय' असे नव्या नोकरदाराबद्दल म्हणतात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या परभणीकराला मात्र कोणी ॲटिट्यूडवाला म्हणत नाही; ती चीक, आणि तीही स्वतःवर हसणारी.