डीएनए झेरॉक्ससारखा पुसट होतो का?

राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात नोट्स काढायला आलेली अकरावीची पोरं बोलत होती: झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं उडतात, तसाच डीएनएही प्रत्येक प्रतीला पुसट होत जातो. क्लासपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत हे कित्येक वर्षं ऐकतोय. ते चूक आहे.

एक तर झेरॉक्सला मूळ कागद बाजूला उरतो. पेशीत डीएनएची शिडी मधोमध उलगडते आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा तयार होतो. म्हणून दोन्ही प्रती अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या. मेसेल्सन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं.

दुसरं, मशीन मजकूर तपासत नाही, पेशी तपासते. डीएनएची अक्षरं म्हणजे चार रासायनिक घटक; 'ए'समोर 'टी', 'जी'समोर 'सी' हा नियम. चुकीचं अक्षर बसलं की जोडी नीट जुळत नाही, पॉलिमरेज हे नवा धागा जोडणारं प्रथिन तिथंच अडखळतं, ते अक्षर कापून टाकतं आणि मगच पुढं जातं. एवढ्यातूनही सुटलेल्या चुका दुसरी प्रथिनं मागाहून शोधून दुरुस्त करतात. या दुरुस्तीच्या शोधासाठी पॉल मॉड्रिच यांना २०१५ चं नोबेल मिळालं. शेवटी साधारण अब्ज अक्षरांत एखादी चूक उरते. माणसाच्या पेशीत सुमारे ६०० कोटी अक्षरं असतात, हे लक्षात घ्या. मला तर हे दरवेळी शिकवताना नव्यानं थक्क करतं.

आणि उरलेली चूक पुसट नसतेच. ते स्वच्छ, ठळक, पण वेगळं अक्षर असतं, आणि पुढच्या प्रतींत तितक्याच इमानदारीनं उतरतं.